तापलेलं तेल

गाडी विकायचीच, तर घेणाऱ्याला निदान ताजं तेल घालून द्यावं, एवढी लाज माझ्यात शिल्लक होती. आमची एक्क्याऐंशीची फियाट वृंदावन योजना वसाहतीतल्या घराच्या पोर्चमध्ये आठ महिने उभी होती, मीनाक्षी गेल्यापासून. लेक पूर्वा मराठीत ऐकते आणि हिंदीत हुकूम सोडते. फोनवर म्हणाली, “बाबा, बेच दो ना. खड़ी-खड़ी सड़ रही है.” कानपूरचं गिऱ्हाईक रविवारी दुपारी येणार होतं.

मला गाडी चालवता येत नाही. अडतीस वर्षं आमची वाटणी ठरलेली: चालवणार ती, खाली झोपणार मी. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, डिफरेन्शियल. त्यातलं तेल थंड असताना बाहेर यायला कुरकुरतं. म्हणून तेल बदलायचं असलं की मीनाक्षी सकाळी तेलीबागेपर्यंत चक्कर मारून यायची आणि फाटकाशी हॉर्न द्यायची. “अहो, तापलंय. शिरा खाली.” नवऱ्याला इतक्या थोडक्या शब्दांत जमिनीवर आणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

शनिवारी चहा झाल्यावर शेजारचा ईश्वर जॅक घेऊन आला. मूळ नागपूरचा, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त.

“गाडीची बॅटरी कुठाय, भाऊ?”

“जेवणाच्या टेबलाखाली. तेवढीच सोबत.”

“मंग थंडच काढा. टपकू द्या आरामात.”

मी सतरंजीवर पाठ टेकून आत सरकलो. मागच्या चाकापासून मडगार्डपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, अखंड. खालचा बोल्ट सोडला. काळं, उग्र वासाचं तेल मनगटावर आलं आणि मी हात ओढला.

चांगलं गरम होतं.

“ऊन लागलं असंल,” ईश्वर म्हणाला. नोव्हेंबर होता. पोर्चमध्ये ऊन दुपारी येतं. इंजिनला हात लावला, गार. टायर गार. फक्त तो गोळा, तापातल्या पोराच्या कपाळासारखा.

ईश्वरने जॅकचा दांडा खाली ठेवला.

“भाऊ, मला वाटलं तुम्ही शिकले.”

“काय?”

“गाडी. रोज पावणेसातला हॉर्न वाजते न तुमच्या फाटकाशी. म्हटलं, वहिनीच्या मागं भाऊनं मनावर घेतलं.”

मी कानातलं यंत्र रात्री डबीत काढून ठेवतो, ते चहानंतर घालतो. आठ महिने ती रोज हॉर्न देत होती आणि मी ढिम्म झोपून होतो.

पूर्वाला फोन केला. “गाडी विकत नाही.”

“पागल हो गए हो क्या?”

“हो.”

आता नवं तेल घालायचं, एवढंच राहिलं. आणि तिथेच मी माती खाल्लेली होती. आधी वरचा बोल्ट सैल करायचा, मग खालचा. वरचा अडला तर रिकाम्या गोळ्यात तेल घालणार कुठून? दर वेळी ही आठवण मीनाक्षी द्यायची. या वेळी कोणी दिली नाही. वरचा बोल्ट हलेना. ईश्वरने हातोडा घेतला, पाना सटकला, बोल्टचे कोपरे गेले. “सोमवारी ड्रिल आणतो,” तो म्हणाला.

सोमवार लांब होता. कोरड्या गिअरवर गाडी तेलीबागेपर्यंतही टिकत नाही.

मी चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला चिकटवली. ‘तेल नाही. आज नेऊ नकोस.’

रविवारी सहाला यंत्र घालून पोर्चमध्ये खुर्ची टाकली. धुकं होतं. गाडी समोर, चिठ्ठी जागच्या जागी.

पावणेसातला हॉर्न वाजला नाही.

लांब, तेलीबागेच्या बाजूला, लोखंडावर लोखंड किंचाळलं. बराच वेळ.

मग थांबलं.

मी गाडीखाली हात घातला. गोळ्याला टेकताच भाजून बोटांची साल निघाली.

तो गोळा आता गार असतो. ईश्वरने बोल्ट काढून दिला, मी तेल भरलं, काही उपयोग नाही. यंत्र मात्र मी आता रात्रीही कानात ठेवतो. पहाटे रस्त्यावरून एक बाई चालत येताना ऐकू येते, डावी चप्पल घासत, मधे मधे थांबत. रोज थोडी जवळून. मीनाक्षीच्या गुडघ्याला चालणं सोसत नसे.

काल ती कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत आली होती. मी फाटक उघडं ठेवलंय. ईश्वरने त्याच्या फाटकाला कुलूप घातलंय.