डाव्या हातची गाठ

मोबाईल उपडे ठेवा सगळ्यांनी. सन्मती, तुझा बी. उजेड डोळ्यांत गेला की गोष्ट पळून जाती. शेडवर राखणीला बसायचं म्हंजे अंधाराची सवय पायजे गड्या. जाळीवर बेदाणा वाळतोय, सकाळपातूर दुसरं काम न्हाई. भुताचं सांगा म्हणालासा न्हवं? भूत असतं का नसतं ते मला इचारू नका, झालं ते सांगतो. जिच्या बाबतीत झालं ती गुणमाला म्हंजे माझी सख्खी भाची, आन् ते स्थळ बी मीच आणलेलं. तवा पदरचं घालून सांगायचं मला काय कारण न्हाई.

तासगावात तिच्या नवऱ्याचं, सुकुमारचं घर हाय. खाली बेदाण्याचं गोडाऊन, वर ऱ्हायाच्या खोल्या, आन् झोपायच्या खोलीला लागून मागल्या अंगाला गॅलरी. दोन वर्षांमागं, पौषातली वद्य चतुर्दशी, सकाळी आठ वाजता सुकुमार सांगलीला सौद्याला निघाला. मुक्काम तिथंच करायचा हुता. नमुन्याच्या पिशव्या गाडीत ठेवल्या, परत जिन्यापाशी आला आन् वर बघून म्हणाला,

"गुणा, वेलीकडं ध्यान ठेव हां."

एवढंच. "जेवून घे" न्हाई, "कडी नीट लाव" न्हाई. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं, बायकू रातभर एकटी ऱ्हाणार, आन् ह्या बाबाला काळजी कुणाची, तर कुंडीतल्या बोगनवेलीची! गुणमालेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का गेली ते ऐका. ती वेल ब्राह्मीची. ब्राह्मी म्हंजे सुकुमारची पहिली बायकू. पोरबाळ न्हवतं, तापानं चार दिवसांत गेली. आष्ट्याला तिचं माहेर. तिथनं तिनं काडी आणून कुंडीत लावली आन् गॅलरीच्या गजांवर चढवली. आता बोगनवेल काय द्राक्षागत आपल्या आपण गज धरत न्हाई. तिला नुसते काटे. माणसानं बांधली तरच वर जाती. ब्राह्मी आपल्या जुन्या साड्यांचे काठ फाडून त्यांनी बांधायची. आन् बाई डावरी. आपल्या बागेत वेली बांधणाऱ्या बायकांना इचारा, गाठ बघून सांगतील कुणी मारली ती. डावरीची गाठ उलटी पडती. त्या गॅलरीत अशा उलट्या गाठी जागोजाग, रंग उडालेल्या काठांच्या.

गुणमाला लगीन होऊन आली तवा भावकीतल्या बायका म्हणाल्या, "फोटोला हात जोड, अक्का म्हण तिला." हिनं हात जोडले, अक्का काय म्हणाली न्हाई. "गेलेल्या माणसाला आता कशाला नातं लावायचं, मामा?" असं मलाच उलटं इचारलं.

सुकुमार माणूस वाईट न्हाई, लय गरीब. पण सांजचं दिवसाउजेडी जेवण झालं की तांब्या घेऊन गॅलरीत. पाणी घालणार, पानं पुसणार, गाठींवरनं बोटं फिरवणार. अर्धा अर्धा तास तिथं. आत गुणमाला भांडी आपटायची. आन् एवढं पाणी पिऊन वेलीला नुसती पानं. ब्राह्मी गेल्यापासनं एक फूल आलं न्हवतं. "रुसलीया," सुकुमार म्हणायचा. गुणमालेला तेवढंच बरं वाटायचं.

मार्गशीर्ष लागला तशी ती म्हणाली, "आवं, तुमी दमून येता. वेलीचं पाणी आता माझ्याकडं असूंद्या."

बिचारा खूश झाला. आन् हिनं त्या दिवसापासनं कुंडीत थेंब घातला न्हाई. भरला तांब्या घेऊन जायची, गॅलरीच्या पन्हाळीत ओतायची, रिकामा घेऊन यायची. माती भेगाळली. पानं गळली. नुसते काटे उरले, आन् गुणमाला सव्वा वर्षात पहिल्यांदा गुणगुणत भाकरी थापाय लागली.

हसा आता तिला. मी तर तोंडावर हसलो. अगं, द्राक्षवाल्याची लेक तू! तुझा बाप बागेचं पाणी तोडून ताण देतो, तो काय बागेवरच्या रागानं? ताण दिला की झाड फुलावर येतं, हे आपल्याकडं शेंबडं पोर बी सांगंल. पण पोटात जळाय लागलं की माणसाला शिकलेलं काय सुचत न्हाई.

पौषात वेल फुलली. अशी फुलली की काटा दिसंना. लालजांभळे घोस गजावरनं पार दाराच्या उंबऱ्यापातूर आले. सुकुमार दारात उभा ऱ्हाऊन पोरागत रडला. गुणमालेचा हात हातात धरला आन् म्हणाला, "तुझ्या हातानं आली बघ ती परत."

ते वाक्य तिच्या डोक्यातनं जाईना. आन् त्यावर चौथ्या दिवशी हे, वेलीकडं ध्यान ठेव.

त्या चतुर्दशीला दिवसभर तिनं तोंडात काय घातलं न्हाई. उपास न्हवता, राग हुता. आपल्या जैनांत अष्टमी-चतुर्दशीला हिरव्याला विळी लावत न्हाईत, हे काय तुमाला सांगाय नको. ब्राह्मी तर त्या दिवशी वेलीचं वाळकं पान बी तोडायची न्हाई म्हणत. गुणमालेनं रात्री माहेरची छाटणीची कात्री काढली. "भाजी हाय व्हय ती? काटेरी झुडूप तर हाय," असं एकटीच मोठ्यानं म्हणाली.

सव्वाअकरा वाजलेले. घड्याळ बघितलं हुतं तिनं. खालचं शटर बंद, जिन्याचं दार बंद. गॅलरीला वरपातूर गज, आत यायला झोपायच्या खोलीचं एकच दार. त्याची कडी काढली. दुसऱ्या दिवशी अवस, बाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं न्हाई. मोबाईलची बत्ती लावून कट्ट्यावर ठेवली.

पहिली फांदी तोडली. फुलं अंगावर पडली. दुसरी. तिसरी. "मामा, खोटं कशाला सांगू, लय बरं वाटलं," असं म्हणाली मला. आता खोड ऱ्हायलं. अंगठ्याएवढं जाड. खाली बसली. मातीपाशी कात्री लावली.

पदर ओढला गेला.

काटा असंल. मागं न बघता हिसडा दिला. सुटंना. आणखी एक हिसडा. न्हाई. मग मोबाईल उचलला. मागं बत्ती मारली.

पदर काट्यात न्हवता.

ताणलेला हुता. खांद्यापासनं सरळ. कोपऱ्याकडं. तिथं फांदी न्हाई. कुंडी न्हाई. काय न्हाई. पदराचं टोक… मधल्यामधी. चुरगाळलेलं. मुठीत धरल्यागत.

"कोण…"

…

खाली रस्त्यावर कुत्रं भुंकत हुतं. ते बी गप झालं.

पदर कोपऱ्याकडं चालला. हळूच. एक वीत. थांबला. आणखी एक वीत…

गप बसा रं. मागं बघू नका. मागं शेडच हाय.

हातातनं कात्री पडली. मोबाईल पडला. आन् सव्वा वर्ष जे तोंडातनं निघालं न्हवतं, ते निघालं.

"अक्का… सोडा."

…

"अक्का, चुकलं माझं… सोडा…"

चर्रकन् काठ फाटला. ती आत पडली. दार लोटलं. कडी घातली. दाराला पाठ लावून बसली.

मोबाईल बाहेरच. बत्ती चालू. दाराखालच्या फटीतनं उजेडाची रेघ आत आलेली. तिच्याकडंच बघत बसली. मधनंच रेघ काळी व्हायची… परत दिसायची. परत काळी. एकदा फोन वाजला. वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं रेघ बी गेली.

उजाडताना जिन्यात पावलं वाजली. सुकुमार. आपल्या किल्लीनं दार उघडून धावत वर आलेला, केस विस्कटलेले, सौदा टाकून आलेला.

"फोन का उचलीना झालीस? जीव उडाला की माझा! तुला काय झालं असतं म्हंजे मी काय केलं असतं?"

हे ऐकायला ती सव्वा वर्ष थांबली हुती. त्याच्या गळ्यात पडून रडली. त्यानं डोक्यावरनं हात फिरवला, पाणी दिलं. तिला वाटलं, झालं, आता मिळाला आपला माणूस आपल्याला.

मग त्याला फाटका पदर दिसला. दाराची कडी दिसली. त्यानं ती काढली.

गॅलरीत फुलांचा सडा. तीन फांद्या खाली. खोड जागच्या जागी उभं. मोबाईल कुंडीपाशी, चार्जिंग संपून बंद पडलेला. कात्री मातर जिथं पडली तिथं न्हवती. कट्ट्यावर हुती. दोन्ही पाती मिटलेली, आन् त्यांच्याभोवती गुणमालेच्या साडीचा हिरवा काठ. गच्च बांधलेला.

"छाटणी केलीस व्हय? बरं केलंस, आता आणखी फुटंल," म्हणत त्यानं कात्री उचलली. उलटी केली. बोट गाठीवर थांबलं.

"गुणा… ही गाठ कुणी मारली?"

उलटी गाठ. गुणमालेनं बघितली. तिच्या मनात आलं ते असं: खरं सांगितलं तर ह्याला कळंल कोण आलतं. आन् एकदा कळलं की हा रोज रात्री ह्या गॅलरीत बसणार. जन्मभर. परत आपल्या वाट्याला येणार न्हाई.

"मी," ती म्हणाली. "मीच मारली."

सुकुमार हसला. "अगदी तिच्यागत जमली तुला."

हे तिनं मला एकट्याला सांगितलंय. "त्यांना सांगू का मामा?" म्हणाली. आता रोज दुपारी दार लावून सुतळीचा तुकडा घेऊन बसती. डाव्या हातानं गाठ मारून बघती. नवरा कवातरी "दाखव" म्हणाला तर दाखवाय पायजे न्हवं? दोन वर्षं झाली, जमत न्हाई. गाठ सरळच पडती.

मागल्या महिन्यात गेलो हुतो. वेल पार वरच्या गजाला लागलीया. नवे फुटवे सगळे नीट बांधलेले, साड्यांच्या कोऱ्या काठांनी. सुकुमार हात धरून दाखवाय लागला, "बघा मामा, हे सगळं आमच्या गुणाचं काम." मी चष्मा लावून जवळ गेलो.

एकेक गाठ बघितली. उलटी. पुढची… उलटी. सगळ्या.

मागं वळलो. गुणमाला दारात उभी हुती, गॅलरीत पाय न टाकता. नवीकोरी साडी नेसलेली. पदराला काठ न्हवता.