पिवळी टोपी

थाप वाटली तर वाटू द्या. पण स्वतःची एवढी लाज काढणारी थाप कोण मारेल?

१९८६, फेब्रुवारी. मुलुंड पूर्व. मिठागरांच्या पलीकडची, खाडीलगतची मोकळी जमीन.

रात्र नव्हती... भर दुपार होती.

छोट्या इंजिनांची, हातात मावणारी मॉडेल विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांचा आमचा क्लब. वर्षातून एकदा मेळावा. मी सेक्रेटरी, म्हणून जागा शोधायचं काम माझं. नियम एकच. जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायची, मगच पास करायची.

नियम मीच केला होता.

त्या दिवशी पाच वाजता घाटकोपरला मुलगी बघायला जायचं होतं. पायात नवे कोरे बूट. पुढे जमीन ओलसर दिसत होती.

मी अर्ध्यातच थांबलो.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला... एक माणूस दिसला.

डोक्यावर पिवळी टोपी. दोन्ही हात वर नेऊन फुली करत होता. आमच्या क्लबची खूण. पुढे येऊ नका.

मी हाक मारली. फुली तशीच.

घड्याळ बघितलं. मान वर केली तर...

कोणी नव्हतं. लपायला एक झाडसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी चंद्रप्रकाशने, माझ्या जिवलग दोस्ताने विचारलं, "काय रे, पूर्ण चालून बघितलीस ना?"

"हो रे. झकास आहे एकदम."

मेळाव्यात त्याचंच विमान त्या टोकाला पडलं. तो आणायला धावला आणि कमरेपर्यंत रुतला. आम्ही दोरी शोधेपर्यंत भरती चढली.

मी त्याच्याकडे धावलो. त्याने दोन्ही हात वर केले...

फुली.

डोक्यावर पिवळी टोपी होती. या टोप्या आम्ही पहिल्यांदाच शिवून घेतल्या होत्या. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी आल्या होत्या.

दर वर्षी त्याच्या श्राद्धाला मृणालिनी वहिनी मला जेवायला बोलावतात. दर वर्षी विचारतात, "भावजी, तुम्ही तर जागा चालून बघितली होती ना? मग असं कसं झालं?"

यंदा खरं सांगायचंच, असं ठरवून गेलो. तोंड उघडलं.

वहिनींच्या मागे, दारात... पिवळी टोपी.

दोन्ही हात वर. फुली.

"हो वहिनी, बघितली होती," मी म्हणालो.

त्याने थांबवलं म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगतो. ते मला स्वतःलाच पटत नाही.

वहिनींनी आग्रह केला. मी आणखी भात घेतला.