हळदीची पुडी

जयप्रकाश नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आला तो बायकोच्या व्हिसावर. पण हाडाचा दुकानदार गप्प बसतो होय? पाच वर्षांत त्याच्या वाणसामानाच्या दुकानात डच गिऱ्हाइकंही गप्पा मारायला थांबू लागली. त्यातलाच हेंक. कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो म्हणाला, "जेपी, बदकांच्या शिकारीला चल. दीड मीटर अंतर ठेवून चालायचं, बस!"

निघताना बायकोनं, मृणालिनीनं, त्याचं कमरेचं प्रथमोपचाराचं पाकीट उघडून पाहिलं. "पट्टी, चिमटा, कात्री... अहो, आणि ही हळद?"

"जखमेवर हळदीसारखं काही नाही. आमच्या आईनं कुऱ्हाडीचा घाव बरा केलाय."

"डच माणसावर प्रयोग नको म्हणजे झालं!"

दुपारी तीनला कालव्यावर धुकं उतरलं. हेंक पडलेलं बदक शोधायला पुढं गेला, आणि जयप्रकाशला कण्हणं ऐकू आलं.

वाळुंजाच्या झाडाच्या बुंध्याला टेकून हिरव्या कोटातला एक माणूस बसला होता. मांडीत छर्रे घुसलेले. रक्ताचा उग्र, लोखंडी वास. जयप्रकाशनं सगळी हळद जखमेत दाबली आणि वर पट्टी आवळली, दुकानातल्या पुड्यांना मारतो तशी दुहेरी गाठ मारून.

"सोडून जाऊ नका..."

बदकं बुजतात म्हणून हेंकनं फोन गाडीत ठेवायला लावला होता. "पाच मिनिटांत येतो. शब्द देतो."

हेंकला घेऊन तो धावत परतला. बुंध्याशी कुणी नव्हतं. रक्ताचा थेंबही नव्हता.

"हिरवा कोट होता, हेंक! मांडीला..."

हेंकच्या हातातलं बदक गळून पडलं.

"विम... माझा भाऊ. गेल्या हिवाळ्यात, याच झाडाखाली. एकटाच आला होता, स्वतःच्याच बंदुकीनं..." तो अडखळला. "तरी कुणीतरी पट्टी बांधली होती, जेपी. आत पिवळी पूड. कुणाची, ते पोलिसांनाही कळलं नाही."

"तो... लगेच गेला?"

"नाही. रात्रभर वाट पाहिली त्यानं. सकाळी सापडला तेव्हा एकच वाक्य बोलला... 'तो येतो म्हणालाय.'"

जयप्रकाशनं पाकीट चाचपलं. पट्टी नव्हती. पुडी रिकामी होती.

बुंध्यावर मात्र पिवळा, ओला पंजा उमटला होता. त्याच्या वर आणखी एक. कुणीतरी झाड धरून उठलं होतं. तिथून चिखलात पावलं निघाली होती, एक पाय फरफटत. ती जयप्रकाशच्या बुटांच्या ठशांमागोमाग हेंककडे गेली होती, त्यांच्यामागोमाग परत फिरली होती, आणि आत्ता तो उभा होता तिथं, त्याच्या टाचांशी येऊन थांबली होती.