वाफकाठी

वेळण्याच्या बंदरात आता प्रत्येक बोटीवर डोलकाठीशेजारी दुसरी एक काठी असे. तिचं नाव वाफकाठी. समुद्राला लागून असलेल्या शे-दोनशे मीटर हवेत ऊब किती, बाष्प किती, हे ती दर मिनिटाला किनाऱ्यावरच्या हवामान केंद्राला कळवी. वादळ पोसतं ते याच हवेवर. त्यामुळे ते कुठे, किती वाजता धडकणार हे केंद्र अचूक सांगे, आणि आठ वर्षांत किनाऱ्यावर वादळानं एक कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

हौसा चोगलेला या काठीचं भारी कौतुक. मुलगा यशवंत बोटीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, झाल्यापासून बोट बंदराला लागली, की तीच काठीवरचं मीठ गोड्या पाण्यानं धुई. "सून आणलीस का काठी?" म्हणून शेजारणी चिडवत.

आज वादळ येणार म्हणून दुपारपर्यंत बंदरातल्या सगळ्या बोटी परतल्या. यशवंतची तेवढी नाही. हौसा तडक केंद्रात गेली. तिथल्या प्रमुख डॉ. केतकर पडद्यासमोर बसल्या होत्या.

"बाय, यशवंतला माघारीचा निरोप गेला न्हाय का?"

केतकरबाईंनी नजर चुकवली. "पाठवला नाही."

"का?"

"उपग्रहाला ढगाची पाठ दिसते, पोट दिसत नाही. बिनमाणशी तराफे पहिल्याच लाटेत उलटतात. सगळ्या बोटी परतल्या की आम्ही आंधळे. एक बोट शेवटपर्यंत लागतेच. ज्या काठीचे आकडे सगळ्यांत चोख, ती यंत्र निवडतं."

काठी धुऊन धुऊन आपल्याच हातांनी पोराच्या गळ्यात धोंडा बांधला होता. हौसाला स्वतःचाच संताप आला.

"आणि त्या बोटी परत येतात?"

"काही येतात."

गेल्या वर्षीच्या वादळात शेजारच्या भागीचा नवरा परत आला नव्हता. इंजिन बिघडलं असेल, असं केंद्रानं कळवलं होतं आणि तेच सांगत हौसा रात्रभर तिच्यापाशी बसली होती.

"त्याला बोलवा."

"बोलावते. अजून वेळ आहे. पण मग दुसऱ्या क्रमांकाची बोट ठेवावी लागेल. ती पलीकडच्या खाडीतली, निम्म्या वाटेवर आली आहे. वादळ वळलं असं सांगून तिला मागे फिरवावं लागेल. नाही ठेवली, तर सदतीस गावं कधी हलवायची ते कळणार नाही."

पलीकडची खाडी म्हणजे हौसाचं माहेर. दोन भाऊ, तीन भाचे, सगळे दर्यावर.

"यशवंतला बोलवा," ती म्हणाली.

केतकरबाईंनी एक निरोप पाठवला, मग दुसरा. दुसऱ्या बोटीच्या तांडेलाचं नाव पडद्यावर आलं. हौसाला वाचता येत होतं. ते नाव वाचायला नको म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.