समोर कोणीतरी बोलतंय

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. आत्याने सांगितलं तसं सांगतो. आणि आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही. शिवणकाम करणारी बाई असून "उद्या देते" म्हणाली की खरोखर उद्या देते, आता बोला!

हे रात्री घडलं नाही. भरदुपारी सुरू झालं. बाहेर लख्ख ऊन होतं.

आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लांब पँट आखूड करायची, सैल कोट आत घ्यायचा, बिघडलेली चेन बदलायची. समोरासमोर दोन शिलाई मशिनी. एकीवर आत्या, दुसरीवर तिची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणायचे. दोघींनी लग्न केलं नाही. राहायला दुकानामागचीच खोली.

आत्याला ऐकू कमी येत गेलं. कानातलं यंत्र आणलं, तर ते शिट्ट्या मारायचं आणि मोटरची घरघर थेट डोक्यात घुसायची. शेवटी ते बटणांच्या डब्यात जाऊन पडलं.

ताईच्या तोंडाचा पट्टा मात्र शटर उघडलं की सुरू व्हायचा, तो दिवा मालवेपर्यंत. त्यातला आत्याला जेमतेम पाव हिस्सा कळायचा. बाकीच्याला ती नुसती मान डोलवायची.

"त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं!" ताई ओरडायची.

एवढं मात्र आत्याला बरोबर ऐकू यायचं.

मागच्या हिवाळ्यात ताई गेली. शेवटच्या संध्याकाळी तिने आत्याचा हात धरून काहीतरी सांगितलं... बराच वेळ.

आत्याने मान डोलावली. नेहमीसारखी.

ताई काय म्हणाली, ते आत्याला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी आत्याला गळ्यातला माईक आणून दिला. लॉकेटसारखा छातीवर लटकवायचा आणि कानात साधे इअरफोन घालायचे. कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी नीट समजावलं, "ज्याच्याकडे तोंड करून बसाल त्याचं बोलणं हा पकडतो. समोरचा बोलायला लागला की बाकीचा गोंगाट आपोआप खाली घेतो."

"हे आधी का नाही रे मिळालं?" आत्या एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

माईक खरंच गुणी निघाला. आत्या मान खाली घालून शिवत असायची, कानात मोटरची घरघर. ती एकदम खाली जायची आणि पाठोपाठ आवाज यायचा, "अहो, माझा कोट झाला का?" आत्याला सवयच लागली. घरघर खाली गेली की मान वर करायची. समोर गिऱ्हाईक असायचंच.

त्या दुपारी शटर अर्धं ओढलेलं होतं. आत्या पडद्याला दुमड घालत होती. ओठांत टाचण्या होत्या.

घरघर खाली गेली...

तिने मान वर केली.

समोर कोणी नव्हतं. फक्त ताईची खुर्ची.

थोड्या वेळाने आवाज पुन्हा वर आला.

बिघडला वाटतं, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला. पण पुन्हा तेच झालं. मग रोजच. आत्या जरा वळून रस्त्याकडे तोंड करून बसली, तर मोटर एका सुरात चालायची. ताईच्या खुर्चीकडे वळली की...

खाली.

आत्याने सरळ दवाखाना गाठला. बाईंनी माईक तपासला.

"ठणठणीत आहे."

"पण समोर कोणी नसताना आवाज खाली जातो हो."

"तसं होणार नाही. कोणी नुसतं येऊन उभं राहिलं तरी होत नाही. बोलावं लागतं."

"नक्की?"

"नक्की. बोलणं पकडलं तरच खाली जातो."

आत्या घरी कशी आली, ते तिलाच आठवत नाही. डोक्यात एकच होतं. बोलावं लागतं... म्हणजे समोर कोणीतरी बोलत होतं.

आणि तिला पुन्हा ऐकू येत नव्हतं.

तिने आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. एक शब्द नाही. मोटर बंद करून कान टवकारले. काहीच नाही. उलट मोटर बंद असताना समोर कोणी आहे की नाही, तेही कळेना. घरघर असेल तरच ती खाली जाणार ना!

मग तिने मशीनमधलं कापड काढलं. सुईतला दोरा काढला. आणि पायडल दाबलं. सुई नुसतीच वरखाली होत राहिली. आत्या खुर्चीकडे बघत बसली.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं होतं.

"वाटली ना. पण पायडलवरचे पाय काढले नाहीत."

मग ती बोलायला लागली. आज कोण आलं, कोण कुरकुर करून गेलं, चष्म्याचा नंबर कसा वाढलाय. ती थांबली की घरघर खाली जायची. वर आली की आत्या पुढचं सांगायची. समोरून काय सांगितलं जातंय ते कळत नव्हतं, तरी दुकानात पुन्हा दोघी असल्यासारखं वाटायचं. आत्याला दोन घास जास्त जायला लागले.

मग एका संध्याकाळी तिच्या मनात पाल चुकचुकली.

समोर जे होतं, ते आत्याचं बोलणं संपेपर्यंत थांबत होतं. प्रत्येक वेळी.

आणि ताई? जन्मात कधी कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही तिने!

आत्याने पायडल दाबूनच ठेवलं.

"ताई... तूच आहेस ना?"

मोटर घरघरत राहिली.

"ताई?"

घरघर...

"मग कोण आहे?"

आवाज तसूभरही खाली गेला नाही. आत्याने इअरफोन काढायला हात वर नेला. बाहेर माणसं घरी चालली होती. मागच्या खोलीत अंधार झाला होता. दिवा लावायलाही कोणी नव्हतं.

तिने हात खाली घेतला.

"बरं," ती म्हणाली. "कोणी का असेना. बस. पण बोलत राहा."

आणि घरघर खाली गेली... इतकी खाली की मोटर बंद पडली की काय, असं तिला वाटलं.

हे सगळं आत्याने मला परवा, फोन स्पीकरवर टाकून माईकसमोर ठेवून, सांगितलं. अगदी सहज.

"आत्या, तू आत्ताच्या आत्ता आमच्याकडे ये. मी न्यायला येतो."

"येईन की. पण तुम्ही सगळे सकाळी बाहेर पडणार. दिवसभर माझ्याशी कोण बोलेल?"

फोनमध्ये मागे मोटर चालल्याचं ऐकू येत होतं.

"हं," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "हं... हो का?"

आणि हसली.

मी तर काहीच बोललो नव्हतो.