माणिकताईंच्या मशीनचा आकडा

बस, अद्वैत. चार्ज घ्यायला आलायस ना, मग नीट घे. जूनमध्ये भरदुपारी लाइट जाणारच इथे, आणि या तळघरात दुपार काय नि रात्र काय, अंधार तेवढाच. तो इमर्जन्सी लॅम्प जवळ ओढ. पासवर्डची वही ही, चाव्या या. राहिलं फक्त दोनशे चौदा नंबरच्या खोलीतलं मशीन. त्याचं कागदावर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तोंडी सांगतो. मध्ये बोलू नकोस. मला मध्ये बोललेलं खपत नाही, हे तुला एव्हाना कोणीतरी सांगितलंच असेल.

आपली एकशे चाळीस मशीनं. शंभरेक या जानकीपुरमच्या आवारात, बाकीची तिकडे लखनौबाहेर, संस्थेच्या बख्शी का तालाबच्या शेतावर. मी यायच्या आधी प्रत्येक मशीनपुढे माणूस जाऊन बसायचा आणि कॉम्प्युटरची डिस्क तपासायचा. मी एक स्क्रिप्ट लिहिली, छोटासा प्रोग्रॅम. मी इथे खुर्चीत बसून असतो, ती प्रत्येक मशीनवर जाते, डिस्क तपासते आणि परत येताना एकच आकडा आणते. शून्य म्हणजे सगळं ठीक. एक म्हणजे बिघाड होता, दुरुस्त केला. तीन म्हणजे तपासताच आलं नाही, डिस्क कोणीतरी वापरतंय. रोज दुपारी एक वाजता, लोक जेवायला गेले की हे चालतं. शून्याला हिरवा रंग, बाकीच्यांना लाल. महिन्याच्या मीटिंगला तो तक्ता पडद्यावर लावतात.

त्यात आणखी एक ओळ होती, तीही माझीच. शून्य आलं तरच त्या मशीनची प्रत सर्व्हरवर घ्यायची. बिघडलेल्या डिस्कची प्रत घेऊन करायचंय काय, असा माझा विचार. या ओळीची मी तेव्हा फार फुशारकी मारायचो.

दोनशे चौदामध्ये माणिकताई बसायच्या. मूळच्या वाईच्या, साठी उलटलेली, मुदतवाढीवर होत्या. उंदरांवर एका औषधाचा प्रयोग चालला होता त्यांचा, दोन वर्षांचा. खाली पिंजऱ्यांपाशी जायचं, बघायचं, वर येऊन टाइप करायचं. सगळं एकाच फाइलीत. डबासुद्धा मशीनपुढेच खायच्या, फाइल उघडी ठेवून. त्यामुळे त्यांच्या मशीनचा आकडा रोज तीन.

"ताई, एक दिवस तरी फाइल बंद करून जेवायला जा," मी सांगायचो.

"माझं जेवण इथेच होतं, चंद्रहास. तुमची तपासणी उद्या करा."

दोन वर्षं रोज उद्या! आणि रोज तीन, म्हणजे दोन वर्षं त्यांची प्रत निघालीच नाही. मला ते माहीत होतं. त्यांना नव्हतं. मी सांगितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरच्या मीटिंगला एकशे एकोणचाळीस हिरवे आणि एक लाल. डायरेक्टरसाहेब म्हणाले, "चंद्रहास जी, एक मशीन नहीं सँभलती आपसे?" सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मशीनच्या आज्ञेत, त्या दिवसापुरता, जबरदस्तीचा स्विच जोडला. तो लावला की तपासणी कोणाला विचारत नाही. जे काही उघडं असेल त्याला डिस्कवरून हुसकून लावते आणि मग कामाला लागते. त्या वेळी जे चाललं होतं ते गेलंच म्हणून समज. दोन जिने चढून सांगता आलं असतं. टेबलावर फोन होता. केला नाही. खरं सांगू? मजा आली मला.

आकडा आला एक. बिघाड होता, दुरुस्त केला.

दहा मिनिटांनी ताई खाली आल्या, बोटांना डब्यातलं लोणचं तसंच लागलेलं. "माझी फाइल दिसत नाहीये हो." मी इथून बघितलं. फाइलीचे बारीक बारीक तुकडे होऊन एका फोल्डरमध्ये पडले होते. नाव नाही, क्रम नाही, निम्मे तर रिकामेच.

"प्रत असेल ना तुमच्याकडे?"

"शून्य येतं त्यांची प्रत असते. तुम्ही कधी येऊ दिलंत शून्य?"

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं…"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

त्या या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, तू बसलायस त्याच. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आणि मुक्ता?"

मुक्ता त्यांची विद्यार्थिनी. वडील हवाई दलात, सध्या आसामकडे. मायलेकी दोघीच अलीगंजला राहतात. पोर जन्मली-वाढली लखनौत, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. स्कूटीवरून भुर्रकन यायची, जिन्यात भेटली की "नमस्ते अंकल". तिचा अख्खा प्रबंध त्या फाइलीवर उभा होता. एकतीस मार्चला फेलोशिप संपणार, त्याच्या आत प्रबंध जमा झाला नाही तर चार वर्षं पाण्यात.

बाराव्या दिवशी ताई गेल्या. हृदयविकार, घरीच. खोलीला कुलूप लागलं. सामानाचा निकाल लावणारी कमिटी बसेपर्यंत मशीन चालू ठेवायचं ठरलं. महिनाभर त्याचा आकडा छान शून्य आला. मी खूश होतो, लपवत नाही.

सहा जानेवारीला आला तीन.

मी पुन्हा चालवलं. तीन. मशीन दुसऱ्या दिवशी इथूनच बंद करून चालू केलं. एक वाजता तीन. डिस्क वापरात आहे. कुलपाची एकुलती एक चावी माझ्या ड्रॉवरमध्ये होती, हीच.

चौथ्या दिवशी वर गेलो. त्या दिवशी धुकं असं की एक वाजला तरी व्हरांड्यातून समोरची इमारत दिसत नव्हती. कुठे आवाज नाही. वळणावर मुक्ता भेटली, एकट्याने जायचं नव्हतं म्हणून तिला सोबत घेतलं. दोनशे चौदाच्या दाराशी पोचलो आणि थांबलो. आतून टक टक टक… जरा थांबून पुन्हा टक टक. ताई दोनच बोटांनी टाइप करायच्या.

मुक्ताने माझी बाही धरली. "अंकल… अंदर कौन है?"

कुलूप काढलं. आत कोणी नाही. बंद खोलीचा कुबट वास, आणि त्यात लिंबाच्या लोणच्याचा, अगदी ताजा. कीबोर्डवर महिन्याभराची धूळ, एकही बटण हलत नव्हतं. आवाज मात्र तिथूनच येत होता, आणि पडद्यावर ओळी भरत होत्या. तारीख, पिंजऱ्याचा नंबर, वजन. शेवटच्या रकान्यात मराठीत शेरा: "सुस्त. डावा डोळा बंद."

मी दाराकडे सरकलो. पळालो असतो, पण ती पोर पुढे झाली. खाली वाकून वाचत राहिली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"ये मैम की रीडिंग्स हैं, अंकल. सारी की सारी. मैम मेरे लिए लिख रही हैं…"

तिने तिथल्या तिथे हिशेब केला. रोज इतक्या ओळी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फाइल पुरी. तोवर वेगळी प्रत निघत नव्हती. पेनड्राइव्हवर घेतली की रिकामी यायची. मुक्ताने हात जोडले. "बस चलने दीजिए. दो महीने. मैं किसी से नहीं कहूँगी."

मी हो म्हणालो. अगदी तिच्या डोक्यावर हात ठेवून.

तेव्हापासून ती रोज दुपारी चावी न्यायची. डबा घेऊन वर जायची, दुसऱ्या खुर्चीत बसायची. एकदा म्हणाली, भीती अजिबात वाटत नाही, उलट मैम असताना वाटायचं तसंच वाटतं. महिन्याभरात पोरीच्या तोंडावर रंग आला. आणि माझ्या तक्त्यात रोज एक लाल.

फेब्रुवारीत दिल्लीहून तपासणीचं पथक येणार असं ठरलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "सोमवार को पूरा हरा चाहिए." आता ऐक, अद्वैत, कारण इथेच तू मला शिव्या घालणार आहेस. ते एक मशीन यादीतून वगळता आलं असतं. एका ओळीचं काम! कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण मला वाटलं, जिवंत होती तेव्हा बाईने मला दोन वर्षं खेळवलं, आता मेल्यावरही हिचंच चालणार? मी जबरदस्तीचा स्विच लावला. शुक्रवार होता, एक वाजलेला. मुक्ता चावी घेऊन वर गेली होती, तेही मला माहीत होतं.

आकडा आला एक. नेहमी मिनिटभर लागायचं, त्या दिवशी वीस मिनिटं लागली.

जिना चढताना मी काय बोलायचं ते जुळवत होतो. वर टकटक थांबली होती. दार उघडंच. पडद्यावर काही नव्हतं, फाइल गेली होती. मुक्ता दुसऱ्या खुर्चीत नव्हती. ताईंच्या खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर.

"मुक्ता… बेटा, वो मशीन में कुछ…"

तिने मान वळवली. "दार लावून घ्या, चंद्रहास. गारठा येतो आत."

तिच्या तोंडून मी तोवर मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. मला कधी नावाने हाक मारली नव्हती. मी दार लावलं, बाहेरून, आणि खाली आलो.

त्याच दिवसापासून ती टाइप करायला बसली. दोन बोटांनी. सकाळी नऊला यायची, एकच्या ठोक्याला फाइल बंद करून डबा खायची, सहाला उठायची, समोर कागदाचा कपटाही नाही. सतरा दिवसांत दोन वर्षांच्या नोंदी पुऱ्या. प्रबंध मार्चमध्ये वेळेवर जमा झाला, परीक्षकांनी वाखाणला म्हणतात. मशीनचा आकडा तेव्हापासून रोज शून्य, आणि प्रत रोज निघते. सोमवारी पथकासमोर एकशे चाळीसच्या एकशे चाळीस हिरवे लागले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, टाळ्या वाजल्या.

एप्रिलमध्ये मुक्ताची आई आली, विनयावहिनी. गणपतीत, दिवाळीत मराठी मंडळात भेटतो तेवढीच ओळख. इथे खाली आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, मुक्ता हिंदी बोलत नाही. मैत्रिणी आल्या तर ओळख दाखवत नाही. वडिलांचा फोन घेत नाही. मला… मला विनयाबाई म्हणते. सकाळी म्हणाली, 'विनयाबाई, तुमच्याकडे फार दिवस राहिले, संकोच वाटतो.'"

"ताण असेल. प्रबंधाचा."

"डॉक्टरही तेच म्हणतात. पण ती त्या खोलीतून अशी आली. तिथे तुम्ही काय केलंत ते मला कळत नाही, जाणून घ्यायचंही नाही. जे आत घातलंत ते बाहेर काढा. पाया पडते तुमच्या."

आणि पडल्या रे खरंच, या फरशीवर. मी पाय मागे घेतले. काढायचं कसं? हुसकून लावायचं एवढंच मला येतं. ते करताना कोण जातं आणि कोण राहतं, हे मी कधी बघितलेलं नाही. गेल्या वेळी त्या खोलीत दोघी होत्या, आणि राहिली ती मुक्ता नव्हती. हे त्या माउलीला कसल्या तोंडाने सांगू? मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टर बदलून बघा."

मग गेल्या मंगळवारी फोन आला, असाच दुपारचा. वहिनी अगदी हळू बोलत होत्या. "ती झोपलीय. दुपारी झोपली की रोज बोलते… हिंदीत बोलते, भाऊजी. तुम्हाला विचारते. मी फोन तिच्या तोंडाशी धरते."

आधी नुसता श्वास. मग लांबून, दोन भिंतींपलीकडून यावा तसा बारीक आवाज.

"अंकल…? थीसिस जमा हो गई न?"

नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला.

"तो अब मैम से कहिए न… ज़रा-सा खिसक जाएँ. बहुत तंग है यहाँ… मुझसे साँस नहीं ली जाती…"

फोन कानाला चिकटल्यासारखा झाला होता. मी काहीतरी बोलणार होतो, देवाशपथ बोलणार होतो. तेवढ्यात फोनच्या अगदी जवळून, जाग्या माणसाचा, स्वच्छ आवाज आला.

"चंद्रहास, ठेवा आता. मुलगी झोपलीय."

मी ठेवला.

त्याच संध्याकाळी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, मंजूर होईपर्यंत रजा टाकली. म्हणून तू इथे बसलायस. दोनशे चौदाच्या मशीनला हात लावू नकोस, शून्य येतंय तर येऊ दे.

काल वहिनींचा मेसेज आला. दुपारचं बोलणं थांबलंय, मुक्ता आता शांत झोपते, तुम्ही काही केलं असेल तर जन्मभर उपकार विसरणार नाही, असं लिहिलंय. मी काहीही केलेलं नाही, अद्वैत. तरीही "बरं झालं" एवढंच लिहून पाठवलं.