डावीकडे ओढणारी गाडी

बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या रस्त्यावर म्हशी आडव्या आल्या आणि कस्तुरीने ब्रेक दाबला.

पिकअप थांबली, पण सरळ नाही. कुणीतरी डावा कान धरून ओढावा तशी ती डावीकडे झेपावली, रस्ता सोडून धुरळ्यात उतरली आणि रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर शेंगा खात बसलेल्या एका माणसापासून वीतभर अंतरावर धापा टाकत उभी राहिली. मागच्या हौद्यातली मोगऱ्याची कुंडी घरंगळली, बाजूच्या फाळक्यावरून उलटली आणि थेट त्याच्या पायांशी फुटली.

"आई गं!" तो ओरडला.

कस्तुरी धावतच खाली उतरली. "लागलं का हो? तुम्ही… तुम्ही मराठी?"

"निपाणीकडचा." त्याने चपलांवरची माती झटकली, एक मोगऱ्याचं फूल उचललं आणि तिच्याकडे पाहिलं. "लागलं नाही. पर शेंगा सगळ्या सांडल्या की."

आता हा बोलणार, हे तिला ठाऊक होतं. बाईच्या हातात गाडी कुणी दिली, एवढंच. गेल्या दोन महिन्यांत तिने ते मराठीत, कन्नडात, तमिळमध्ये ऐकलं होतं. जे. पी. नगरातली त्यांची रोपवाटिका, तिच्या वडिलांचा, अप्पांचा दुखरा गुडघा, आणि शहरभर कुंड्या पोचवणारी कस्तुरी… सगळं छान चाललं होतं, गाडी ओढायला लागेपर्यंत. गॅरेजवाल्याने दोनदा चक्कर मारून "काही नाही" म्हटलं होतं, ब्रेकचे लायनर बदलून दिले होते. चुलतभाऊ श्रीरंगअण्णा तर सरळ म्हणाला होता, "दोष गाडीत नाही, हातात आहे." येत्या सोमवारपासून तो स्वतःच्या ओळखीचा ड्रायव्हर आणणार होता. अप्पा गप्प बसले होते, आणि त्यांचं ते गप्प बसणंच तिला जास्त लागलं होतं.

पण हा माणूस गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत होता.

"डावीकडंच ओढती? दर खेपेला?"

कस्तुरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"दर खेपेला नाही," ती सावकाश म्हणाली. "सकाळी निघते तेव्हा अगदी सरळ थांबते. शहरातून पुष्कळदा ब्रेक लावत आलं की मग ओढायला लागते. आणि नंतर… ब्रेक सोडला तरी सोडत नाही. गाडी जड होते. कुणी मागून पदर धरल्यासारखी."

"आणि थोडा वेळ उभी केली की?"

"पुन्हा शहाणी! म्हणून तर गॅरेजमध्ये कुणाला दिसत नाही. रात्रभर तिथे उभी असते ना. सकाळी चक्कर मारतात… आणि मग माझ्याकडे बघून हसतात."

तो हसला नाही. "तुम्ही म्हणता तर तसंच होत असणार," तो म्हणाला. "गाडी रोज तुमच्या पायाखाली असती. त्यांच्या न्हवं."

एवढं साधं वाक्य! कस्तुरी पटकन खाली वाकली आणि कुंडीचे तुकडे गोळा करायला लागली.

त्याचं नाव बसवंत. महादेवपुऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांची चाचणी घ्यायचा. आज त्याची साप्ताहिक सुट्टी होती आणि तळ्यावरचे पक्षी बघायला तो एकटाच आला होता.

"आत्ताच बघाय पाहिजे," तो बाह्या दुमडत म्हणाला. "थंड झाली की पुन्हा साळसूद बनंल. जॅक हाय?"

जॅक होता, पाने होते. मागच्या चाकांना दगड लावले. पण जॅक लावण्याआधी त्याने तिला पुढच्या उजव्या चाकाजवळ बोलावलं. "हात जवळ धरा. लावू नका हं, नुसता जवळ." कोमट. मग डाव्या चाकाजवळ. आणि तिने हात झटकन मागे घेतला. तव्यावरून येते तशी धग होती. त्याचाही हात तिथेच होता, तिच्या हाताशेजारी, न लागता. ती धग नक्की कुठून येतेय, हे कस्तुरीला क्षणभर कळेना.

डावं चाक जमिनीपासून सुटलं. त्याने ते फिरवून पाहिलं. हलेना. तिनेही दोन्ही हातांनी जोर लावला. जणू दगडात कोरलेलं चाक!

"आता गंमत बगा. आत लायनर अडकलं असंल, तर मी काय केलं तरी हे फिरणार न्हाई. पर आत ब्रेक ऑइलचा दाब कोंडला असंल तर…" चाकामागच्या, ऑइल सोडायच्या छोट्याशा निपलवर पाना लावून त्याने ते जरासं सैल केलं.

चिर्र… ऑइलची एक बारीक, चमकती धार उन्हात उडाली. आणि चाक सुटलं. त्याने नुसतं बोट लावलं तर ते गरगर फिरलं, आपल्याच नादात, कितीतरी वेळ.

कस्तुरी मातीतच बसली होती. तिला उठावंसंच वाटेना. "म्हणजे म्हशींसाठी मी जो पाय दाबला…" तिचा आवाज आपोआप खाली आला, देवळात येतो तसा. "तो जोर अजून या चाकात होता? मी पाय काढला तरी?"

"व्हय. तुमचाच जोर. आत बसून राहिलेला."

ते फिरतं चाक ती बघत राहिली. दोन महिने लोक तिच्या हाताला नावं ठेवत होते, आणि तिचा पाय बिचारा चाकात कोंडून पडला होता. तिला हसू आलं, रडूही. मग एकदम तिच्या मनात काहीतरी लखलखलं.

"पण थांबा स्वल्प… थांबा जरा… उजवं चाक मोकळं आहे ना? दोघांना ऑइल एकाच जागेवरून येतं. वर अडलं असतं तर दोन्ही धरली असती."

बसवंत पाना हातात धरून तसाच थांबला. "बोला, बोला."

"म्हणजे अडलंय ते फक्त याच्या वाटेवर. ही रबरी नळी…" तिने चाकाकडे जाणाऱ्या काळ्या नळीवर बोट टेकवलं. "आमच्याकडे पाण्याच्या जुन्या नळीचं असंच झालं होतं. वरून धडधाकट, आतून फुगून बंद. जोर लावला की पाणी जायचं, पण मागे यायचं नाही! गरम झाली की ही आत फुगत असेल… हो ना?"

तो तिच्याकडे असा पाहत राहिला, की तिला वाटलं गालाला ऑइल लागलंय. तिने गाल पुसला, आणि आता खरंच लागलं.

"काय झालं?"

"काही न्हाई," तो हळूच म्हणाला. "मी तिथवर पोचायच्या आधी तुम्ही पोचलासा."

गाडी आता इथून तसूभरही हलवायची नाही, असं बजावून तो बसने जे. सी. रोडला नळी आणायला गेला. कस्तुरीने चहाच्या टपरीवरून घरी फोन केला. तासाभरात अप्पा आणि श्रीरंगअण्णा रिक्षातून आले. जॅकवरची गाडी, फुटलेली कुंडी आणि कस्तुरीचा काळा गाल बघून अण्णाचा पारा चढला.

"अनोळखी माणसाला गाडी खोलू दिलीस? तो परत येतोय कशाला!"

कस्तुरीही मनातून चरकली होती. पण दुपार कलताना बसमधून बसवंत उतरला. हातात नवी नळी, ऑइलचा डबा, आणि शेंगांचा पुडा. त्याने जुनी नळी सोडवली, पुसली आणि नमस्कार करून अण्णापुढे धरली. "फुंका बगू, अण्णा."

अण्णाने फुंकलं. गाल फुगले, कानशिलं लाल झाली, डोळे वटारले गेले. पलीकडून हवेची झुळूकही येईना. मग त्याने नवी नळी तोंडाला लावली, आणि समोर उभ्या अप्पांच्या टोपीखालचे केस उडाले.

अप्पांनी जुनी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "दोन महिने पोरगी सांगत होती," ते अण्णाकडे न बघता म्हणाले, "आणि मी ऐकून घेतलं नाही." सोमवारच्या ड्रायव्हरचं नाव पुन्हा निघालं नाही.

नवी नळी बसल्यावर आत शिरलेली हवा काढायची होती, आणि त्याला दोघं लागतात. कस्तुरी गाडीत बसली, बसवंत चाकाशी वाकला. तो तिला दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता.

"दाबा…"

"दाबलं."

"धरा… धरून ठेवा…"

"धरलंय."

"सोडू नका हं… मी सांगेपर्यंत."

"नाही सोडत," ती म्हणाली. आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून, कुणाला दिसणार नाही असं, मनापासून हसली.

त्यानंतर बसवंत दर सुट्टीला रोपवाटिकेत यायला लागला. पहिल्यांदा ऑइल गळतंय का बघायला. मग उजवी नळीही जुनीच, ती बदलायला. मग मागचे ब्रेक बघायला. मग हँडब्रेक. कधी फर्नच्या सावलीत बसून तो पक्ष्यांची नावं सांगे, कधी ती रोपांची. पावसाळा आला, झाडं टवटवली, आणि गाडीत तपासण्यासारखं काही म्हणून उरलं नाही. तरी तो आलाच.

त्या दिवशी कस्तुरीने त्याला शेजारी बसवलं आणि गाडी बेळ्ळंदूरच्या रस्त्याला घातली. भुरभुर पाऊस होता. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तिने जोरात ब्रेक दाबला. गाडी रेघ मारल्यासारखी उभी राहिली.

"आज काय तपासायचंय?" तिने विचारलं.

"आज…" तो काचेवरच्या थेंबांकडे बघत म्हणाला. "आज काही कारणच सापडलं न्हाई. रात्रभर शोधलं."

"मग खरं सांगा."

त्याने बाहीने काचेवरची वाफ पुसली. "त्या दिवशी तुम्ही गाडीचं दुखणं सांगत होता. मी यंत्रं तपासतो, कस्तुरी. बिघाड सांगाय मोठमोठी माणसं आली. पर एवढं नीट कुणी सांगितलं न्हवतं. मला वाटलं… हिच्याशेजारी बसून जग बगाय मिळालं तर…" तो आता तिच्याकडे वळला. "चालंल का? मी अप्पांना विचारायला येतो. काय म्हणतील ते?"

"त्यांना काही विचारायचं राहिलं नाही," कस्तुरीने गिअर टाकला. "त्यांनीच सकाळी मला विचारलं, ब्रेक तर उत्तम लागतो, मग हा मुलगा दर आठवड्याला तपासतो तरी काय?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

तिने क्लच सोडला. गाडी हलली. ओठांवरचं हसू दाबत ती रस्त्याकडेच बघत राहिली.

"मी म्हणाले, मला. आणि अप्पा म्हणाले… सरी, बरं मग."